कॅज्युअल म्हणजे बेवारस नव्हे!



"तो कॅज्युअल आहे, त्याला कसला आलाय हक्क?" हे वाक्य पूर्वी साहेबांच्या केबिनमध्ये ऐकू येई. आता ते कायम कामगाराच्या तोंडी येऊ लागले आहे, काही ठिकाणी शाखेच्या बैठकीतसुद्धा. या वाक्याला आमचा सरळ विरोध आहे. ते कायद्याच्या कसोटीवर खोटे आहे आणि कायम कामगाराच्याही मुळावर येणारे आहे.

रुळाखालची खडी वर्षभर भरावी लागते. टपालाच्या थैल्या रोज उतरवाव्या लागतात, रोज उघडाव्या लागतात. इटारसी असो, भुसावळ असो की हुबळी, हे काम हंगामी नाही. काम कायमचे असताना माणूस मात्र रोजंदारीचा ठेवला जातो. कारण उघड आहे. तो स्वस्त पडतो, आणि तोंड उघडले की उद्यापासून येऊ नको असे त्याला सांगता येते.

हे हक्क कोणी दिले?

कोणी दिले नाहीत, लढून मिळवले. मे १९७४ च्या रेल्वे संपाच्या मागण्यांत कॅज्युअल कामगारांना कायम करण्याची मागणी होती. संप चिरडला गेला, मागणी मेली नाही. १९८२ मध्ये रॉबर्ट डिसोझा या दक्षिण रेल्वेच्या कॅज्युअल कामगाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गैरहजेरीचे कारण देऊन मस्टरवरचे नाव कापणे हीसुद्धा कामगार कपातच आहे, आणि तिला कपातीचे सगळे नियम लागू होतात. १९८५ च्या इंदरपाल यादव निकालाने प्रकल्पांवरच्या कामगारांना सलग ३६० दिवसांनंतर टेम्पररी स्टेटस देण्याची योजना रेल्वेला राबवावी लागली. ओपन लाइनवर ही मुदत १२० दिवसांची. टेम्पररी स्टेटस मिळाले की नियमित वेतनश्रेणी, रजा, पास, औषधोपचार मिळतात आणि चौकशीविना काढता येत नाही.

टपाल-तार खात्यातल्या रोजंदारी कामगारांचा निकाल १९८७ चा. नियमित कामगाराच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन त्यांना द्या, आणि वर्षाहून अधिक काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना करा, असा तो आदेश होता. त्यातूनच टपाल खात्याची १९९१ ची योजना आली. ७ जून १९८८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ठरले की कॅज्युअल कामगार नियमित कामगाराचेच काम करत असेल, तर त्याला आठ तासांच्या दिवसाला किमान मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांचा तिसावा भाग द्यायचा, आणि सहा दिवस सलग काम केल्यावर एक पगारी सुटी. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील स्त्री कामगारांच्या खटल्यात प्रसूतीचे लाभ रोजंदारीवरच्या बाईलाही आहेत असा निर्णय झाला. २०१७ च्या राकेश कुमार निकालाने रेल्वेत पुढे कायम झालेल्या कामगाराची निम्मी कॅज्युअल सेवा पेन्शनसाठी धरली जाते.

तेव्हा हक्कच नाहीत असे म्हणणाऱ्याने आधी हे वाचावे.

उमादेवीचा बाऊ

व्यवस्थापनाचे आवडते उत्तर म्हणजे १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल. 'आता कोणालाही कायम करता येत नाही' एवढेच त्यातून सांगितले जाते. मागील दाराने केलेल्या भरतीला हक्क समजू नका, असे त्या निकालाने बजावले हे खरे. पण मंजूर पदांवर न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराविना दहा वर्षे राबलेल्या, पात्र कामगारांचा एकदा विचार करून त्यांना नियमित करा, असेही त्याच निकालात आहे. ही ओळ मात्र साहेबांच्या चष्म्यातून दिसत नाही.

पुढे २०१६ च्या जगजित सिंग निकालाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो खटल्यात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई व बागकाम करणाऱ्यांना परत घेऊन नियमित करण्याचा आदेश झाला. उमादेवीचा आधार घेऊन दीर्घकाळ राबलेल्यांचे न्याय्य हक्क नाकारता येणार नाहीत, असे न्यायालयाने त्यात सुनावले. ढाल म्हणून वापरलेला कागद आता व्यवस्थापनाला तसा वापरता येणार नाही.

नवा डाव

म्हणूनच आता कॅज्युअल हा शब्दच पुसला जात आहे. त्याच्या जागी आला आहे कंत्राटदाराचा माणूस. त्याला १२० दिवसांचा हिशेब नाही, स्क्रीनिंग नाही, कायम होण्याची शिडीच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी ही वाट आणखी रुंद केली. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० कामगारांपासून लागू होता, नव्या संहितेत हा आकडा ५० झाला. मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत असे ती म्हणते खरी, पण सफाई, पहारा, खानपान, मालाची चढ-उतार ही कामे साधारणपणे 'मुख्य नाहीत' म्हणून आधीच बाजूला काढून ठेवली आहेत. प्लॅटफॉर्म आणि आरएमएस पाहिलेल्या माणसाला यातली मेख सांगायला नको. तरीही एक धागा शाबूत आहे: कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा. तो धागा घट्ट धरा.

कागद जपा

हक्क असूनही आमची माणसे हरतात ती पुराव्याअभावी. वर्षात २४० दिवस काम केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची, आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले आहे. म्हणून कॅज्युअल लेबर कार्ड, पगाराची पावती, बँकेचे पासबुक, गेटपास यांच्या नकला घरी ठेवा. रोजची हजेरी वहीत लिहा, मुकादमाचे नाव लिहा. पगारी रविवार आणि सुट्या त्या २४० दिवसांत धरल्या जातात, हे १९८५ मध्येच ठरलेले आहे. कमी दिवस दाखवून कोणी फसवू पाहील तर ऐकू नका. कामावरून काढले तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात शाखेकडे या. उशिरा गेलेल्या रोजंदारी कामगाराला अलीकडे बहुतेक वेळा नोकरी परत मिळत नाही, एकरकमी भरपाईवर बोळवण होते.

आणि कायम कामगारांना आमचे सांगणे वेगळे आहे. तुमच्या शेजारी निम्म्या पगारावर राबणारा हा तुमचा प्रतिस्पर्धी नाही. तुमची जागा रिकामी झाली की ती भरायची नाही, हे त्याच्या स्वस्ताईवरच ठरते. त्याचा दर वाढला तरच तुमचे पद टिकेल. त्याला सभासद करून घ्या, त्याचा अर्ज लिहून द्या, त्याचा प्रश्न साहेबांबरोबरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घाला. पुढच्या शाखा बैठकीत प्रत्येक गँग, प्रत्येक सॉर्टिंग ऑफिस आणि प्रत्येक यार्डातल्या कॅज्युअल व कंत्राटी कामगारांची नावांनिशी यादी झालीच पाहिजे.

यादीत नाव आले की माणूस बेवारस राहत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!