रेटिंग म्हणजे विधिलिखित नव्हे

१/ सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने रुजवलेल्या या परंपरेत नामांकित खेळाडूसमोर शाळकरी मुलाने बसणे नवे नाही. मात्र त्या मुलाने डाव जिंकला की 'चमत्कार!' अशी आरोळी उठते. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे.

२/ विषम डाव अपघाताने पडत नाहीत. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो. १०० खेळाडू असतील, तर पहिल्याची गाठ ५१व्याशी.

३/ रेटिंगचे गणित आर्पाद एलो यांचे. जागतिक संघटनेने ते १९७० मध्ये स्वीकारले. २०० गुणांची तफावत असेल, तर वरच्या खेळाडूकडून १०० डावांत सुमारे ७६ गुण अपेक्षित असतात. उरलेले २४ खालच्याचेच ना? सूत्रानेच जे मान्य केले, त्याला चमत्कार म्हणणे हे सूत्राचे अज्ञान होय.

४/ याहून गंभीर दोष दुसराच. रेटिंग खेळलेल्या डावांचा हिशेब ठेवते, खेळू न दिलेल्या डावांचा नाही. ज्यांना बलाढ्यांसमोर बसूच दिले नाही, त्यांचा आकडा वाढावा कसा?

५/ साल १९७६. सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची पणती रोहिणी, वय १३, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ माजला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की, स्त्री आहे म्हणून कोणालाही अशा स्पर्धेपासून रोखता येणार नाही. पुढे १९८१ आणि १९८३ मध्ये हीच रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

६/ 'शेवटी आकडाच जिंकतो' म्हणणाऱ्यांनी जुलै २०२५ चा महिला विश्वचषक आठवावा. जॉर्जियातील बटुमीत नागपूरची दिव्या देशमुख यादीत १५वी होती. झू जिनेर, हरिका, तान झोंगयी यांना बाद करून तिने अंतिम फेरीत अधिक रेटिंगच्या कोनेरू हंपीला जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी हरवले. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नसताना ती ग्रँडमास्टर होऊन परतली. इतक्या जणींविरुद्ध ओळीने नशीब लागत नसते.

७/ रेटिंग टाकाऊ आहे, असे आमचे म्हणणे नाही. ते अनुमानाचे साधन आहे, निकालपत्र नव्हे. म्हणून इतिहासप्रेमी मित्रहो, अशा डावाला चमत्कार म्हणण्यापूर्वी तो पटावर मांडा आणि तोल कोणत्या खेळीला ढळला ते शोधा. चमत्कार म्हटले की हा शोध तिथेच थांबतो, आणि जिंकणाऱ्याची मेहनत नोंदीतून पुसली जाते.