जागा आहे ना?

मागच्या रविवारी सकाळी मामांचा फोन आला. मामांचं साताऱ्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाऊस, पाहुणे, माझं लग्न असे नेहमीचे विषय झाल्यावर मामा मुद्द्यावर आले. "अरे, तुझा तो सर्व्हर आहे ना, त्यावर माझी पण एक वेबसाइट टाकून दे की. जागा आहे ना?"

जागा आहे ना! एसटीत, पंगतीत आणि आता सर्व्हरवर. आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं : सरका जरा, होईल. मीही इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलो. या वेळी मात्र म्हटलं, "मामा, संध्याकाळी सांगतो." मामांना जरा लागलंच असणार. पण मी का थांबलो त्याला कारण आहे, आणि आजचा लेख त्यावरच.

तर झालं असं, की काही वर्षांपूर्वी मी एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला. २ जीबी रॅम, बस. तेव्हा त्यावर फक्त माझा ब्लॉग होता. मग ट्रेकच्या ग्रुपची साइट आली. मग सोसायटीची. मग एका मित्राच्या क्लासची. मग एका मैत्रिणीच्या फराळाच्या ऑर्डर्सची. बघता बघता पाच बिऱ्हाडं झाली.

बिऱ्हाडं हा शब्द मुद्दाम वापरतोय. जुन्या वाड्याचा पत्ता एकच आणि बिऱ्हाडं दहा, पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचून ज्याचं त्याला देतो. वेबसर्व्हरचंही तसंच आहे. अगदी सुरुवातीला ब्राउझर सर्व्हरला फक्त 'अमुक पान दे' एवढंच सांगायचा, कुठल्या साइटचं ते सांगायचाच नाही. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागायचा. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ ने साइटचं नाव सांगणं सक्तीचं केलं आणि एका पत्त्यावर कितीही साइट राहू शकतील अशी सोय झाली. अपाचीमध्ये याला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. प्रत्येक साइटची एक छोटी फाइल : नाव हे, फोल्डर हा. संपलं.

एचटीटीपीएसमध्ये मात्र गोची होती. तिथे पाकीट बंद असतं. नाव कळायच्या आधीच सर्व्हरला सर्टिफिकेट दाखवावं लागायचं. मग दाखवणार कुणाचं? त्यावर २००३ मध्ये एसएनआय नावाचा तोडगा निघाला, म्हणजे नाव पाकिटाच्या बाहेरच लिहायचं. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते शेवटपर्यंत वाचता आलं नाही, म्हणून बरीच वर्षं लोक बिचकत होते. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने फुकट सर्टिफिकेट सगळ्यांसाठी खुली केली आणि पैशाचाही प्रश्न मिटला.

म्हणजे आज नवीन साइट चढवायला दहा मिनिटं पुरतात. चहा गार व्हायच्या आत काम होतं. आणि माझ्या मते हीच खरी गोम आहे. एवढं सोपं असल्यामुळे आपण दुसऱ्याचं काहीतरी अंगावर घेतोय हे लक्षातच येत नाही.

माझ्याही आलं नाही. पाचही साइट एकाच लिनक्स युजरखाली चालत होत्या. डेटाबेसलाही पाचही साइटसाठी एकच युजर, एकच पासवर्ड. वाड्यातल्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली म्हणा ना. ट्रेकच्या साइटवर एक प्लगिन होतं, जे मी दीड वर्ष अपडेट केलं नव्हतं. त्यातून कोणीतरी आत शिरलं. आत शिरल्यावर त्याला बाकीच्या चार साइटच्या फाइल्स वाचता येत होत्या, बदलताही येत होत्या. क्लासच्या साइटवर औषधांच्या जाहिराती, सोसायटीच्या साइटवर जुगाराच्या लिंका. दिवाळीला आठ दिवस होते.

सगळं बंद करून साफ करायला मला दोन दिवस लागले. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर. म्हणजे तोही संशयास्पद. ते दोन दिवस मैत्रिणीची फराळाची साइट बंद होती. तिच्यासाठी वर्षातले तेच दिवस महत्त्वाचे. तिने चार बायका मदतीला बोलावल्या होत्या, सामान भरून ठेवलं होतं. ती मला एक शब्द बोलली नाही. "फुकट होतं रे, तू तरी काय करणार," एवढंच म्हणाली. ते जास्त लागलं. कारण मी खूप काही करू शकलो असतो, आणि त्यासाठी एक शनिवार पुरला असता.

मग तो शनिवार एकदाचा काढला. प्रत्येक साइटला वेगळा लिनक्स युजर. प्रत्येकीचा पीएचपी-एफपीएमचा वेगळा पूल, जो त्याच युजरच्या नावाने चालतो. फोल्डरचे हक्क असे की शेजाऱ्याला आत डोकावता येऊ नये. डेटाबेसचा युजर ज्याचा त्याला, आणि त्याला फक्त स्वतःच्याच डेटाबेसचे हक्क. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या मशीनवर, आणि दोन महिन्यांतून एकदा तो खरंच परत उभा राहतो का याची तालीम. अपाची नाव न जुळलेल्या विनंतीला यादीतली पहिली साइट दाखवतो, म्हणून पहिली जागा एका कोऱ्या पानाला दिली. नाहीतर आत्याच्या डोमेनवर ट्रेकचे फोटो दिसायचे!

हे करताना गणितही पहिल्यांदाच मांडलं. मी उत्साहात प्रत्येक साइटला दहा पीएचपी प्रोसेसची मुभा दिली होती. माझ्याकडे एक प्रोसेस साधारण ५० एमबी खाते. पाच साइट गुणिले दहा गुणिले ५० म्हणजे २५०० एमबी. रॅम किती? २ जीबी! आणि त्यात डेटाबेसही बसवायचाय. रोजच्या दिवशी हे कळत नाही, कारण सगळे एकदम घरी नसतात. ज्या दिवशी सगळे येतात त्या दिवशी मेमरी संपते आणि कर्नल कुणाचा तरी बळी घेतो. तो बहुधा सगळ्यात मोठा प्रोसेस असतो, म्हणजे डेटाबेस. मग पाचही साइट एकदम आडव्या. आता फराळाच्या साइटला आठ आणि बाकीच्यांना तीन-तीन असा हिशोब आहे.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, प्रत्येकाला वेगळा सर्व्हर घ्यायला सांग किंवा तयार सेवा वापरायला सांग. बरोबर आहे, आणि मी क्लासवाल्या मित्राला तेच सांगितलं. त्याचा धंदा वाढला होता. पण नात्यातल्या, ओळखीतल्या छोट्या साइट्सना दर महिन्याचं बिल परवडत नाही, हेही खरंच. तिथे मदत करावी असंच माझं मत आहे. फक्त ती मदत आहे म्हणून ढिली असू नये. पैसे घेतले नाहीत म्हणून जबाबदारी माफ होत नाही. उलट पैसे दिलेला माणूस तुम्हाला जाब विचारू शकतो, फुकटवाला बिचारा तेही करू शकत नाही.

आणि सर्व्हरवर अजून किती साइट मावतील याचं उत्तर डिस्क देत नाही. किती जणांच्या साइट पडल्या तर त्याच रात्री उठून बघायची तुमची तयारी आहे, तेवढ्याच मावतात.

असो. संध्याकाळी मामांना फोन केला. विचारलं, "साइटवर काय हवंय?" म्हणाले, "दुकानाचा पत्ता, फोन, वेळ आणि चार फोटो." म्हणजे ना डेटाबेस हवा, ना पीएचपी. साधी तीन पानं. अशा साइट पन्नास असल्या तरी सर्व्हरला घाम फुटत नाही, आणि फोडायला त्यात जवळजवळ काही नसतं. मीच उगाच घाबरलो होतो.

फक्त एक अट घातली. डोमेन मामांच्या नावावर, त्यांच्या ईमेलने, त्यांच्या पैशाने. उद्या मी कुठे गेलो, कंटाळलो, तर मामांची पाटी माझ्याबरोबर जाता कामा नये.

मामा म्हणाले, "म्हणजे जागा आहे तर!"

आहे मामा. पण या वेळी मोजून सांगतोय :)