सत्तेचे परिग्रहपरिमाण

कुंडलच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ यांच्या दर्शनास आपल्यातील अनेक कुटुंबे जातात. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही भूमी १९४८ पर्यंत औंध संस्थानात मोडत असे, हे मात्र नव्या पिढीच्या फारसे ध्यानी नसते.

या संस्थानाचा नकाशा विलक्षण होता. राजधानी औंध खटावच्या माळावर, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे. मधला सारा मुलूख परक्या अमलाखालचा. समुद्रात विखुरलेल्या बेटांसारखी ही बहात्तर गावे होती.

अशा विस्कळीत राज्याचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ त्यांनीच दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. परंतु त्यांचे सर्वांत मोठे दान जमिनीचे नव्हते. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी आपली राजसत्ताच प्रजेच्या स्वाधीन केली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली औंधची राज्यघटना सिद्ध केली.

त्या घटनेचा पाया होता गाव. प्रौढ स्त्री-पुरुषांनी पाच पंच निवडावयाचे. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावयाची. तालुका समित्यांनी विधिमंडळावर प्रतिनिधी धाडावयाचे. लहानसहान तंट्यांचा न्यायही गावातच होई. या व्यवस्थेचे मर्म व्यापाऱ्यास सहज उमगावे. देणेकरी कोण, साक्षीदार कसा, हे दूरच्या कचेरीपेक्षा गावचे पंच अधिक जाणतात; आणि ज्यास उद्या त्याच चावडीवर बसावयाचे आहे, तो खोटे बोलण्यास कचरतो. विश्वासाचा हाच धागा पुढे आटपाडीजवळील स्वतंत्रपूर या भिंतींवाचूनच्या बंदिवसाहतीत दिसतो. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे तीच प्रेरणा होती.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. औंध साताऱ्यात राहिले; कुंडल व आटपाडी १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात गेली; गुणदाळ १९५६ मध्ये विजापुराबरोबर म्हैसूर राज्यात. एका घटनेखाली नांदलेली गावे अशी दुरावली, आणि जेमतेम नऊ वर्षांचा हा प्रयोग थांबला. पंचायतींना देशाच्या राज्यघटनेत रीतसर स्थान मिळण्यास त्यानंतर १९९३ साल उजाडावे लागले.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहपरिमाण हे एक. मुनी सर्वस्वाचा त्याग करतो; गृहस्थ मर्यादा आखतो. बाळासाहेबांनी गादी सोडून वनाची वाट धरली नाही. ते राजे राहिले, पण आपल्या अधिकाराला त्यांनी स्वहस्ते कुंपण घातले. धनाची मर्यादा आपण पर्युषणात आठवतो. अधिकाराची आठवतो का?

आपल्या किती मंदिरांच्या, बोर्डिंगांच्या, पतसंस्थांच्या किल्ल्या वर्षानुवर्षे त्याच हातांत आहेत! ते हात प्रामाणिक आहेत, यात शंका नाही. परंतु प्रामाणिक हातही थकतात, आणि ज्यांच्या हाती कधी काही सोपविलेच नाही ती तरुण मुले पुण्या-मुंबईस निघून जातात. मग ‘कोणी पुढे येत नाही’ ही तक्रार आपण करतो. औंधच्या राजास सत्तरी उलटल्यावर हे उमगले, आणि ज्यांना कारभाराचा अनुभव नव्हता अशा शेतकऱ्यांवर त्याने भरवसा ठेवला.

यंदाच्या चातुर्मासात प्रत्येक विश्वस्त मंडळाने निदान एक किल्ली तरुण हाती द्यावी, आणि हिशेबाची वही सर्वांसमोर उघडावी. कुंडलचा डोंगर पुन्हा चढाल, तेव्हा पायथ्याशी पसरलेल्या त्या गावांकडे क्षणभर पाहावे. सोडूनही राखता येते, हे त्या मातीने एकदा पाहिले आहे.