पहिल्या सत्राचं गणित: उत्तराआधी पायऱ्या

विद्यार्थी मित्रांनो, बारावीचा निकाल लागला, बी.एस्सी. प्रथम वर्षाला प्रवेश झाला आणि तुम्ही गणित विषय घेतलात. अभिनंदन! शिरूर अनंतपाळ, येरोळ, साकोळ, उजेड या भागातली बरीच मुलं पुढच्या शिक्षणासाठी एसटीनं लातूर, उदगीर किंवा निलंग्याची वाट धरतात. त्यातली काही पहिल्याच सत्रात गणितात अडकतात. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, "लेकराला गणित जमत नाही." माझं मत वेगळं आहे. लेकराला गणित जमतं. त्याची सवय आणि आपले नियम, दोन्ही बदलायला हवेत.

आधी सवयीचं बघू. आपल्या जिल्ह्यानं राज्याला 'लातूर पॅटर्न' दिला. भरपूर सराव, सततच्या चाचण्या, शिस्त. याचा अभिमान हवाच. पण प्रवेश परीक्षांच्या तयारीत दोन वर्षं सगळा जोर चार पर्यायांवर असतो. तिथं उत्तर बरोबर आलं की गुण मिळतात. ते कसं आलं हे कुणी विचारत नाही. पदवीच्या लेखी परीक्षेत मात्र "सिद्ध करा", "कारण द्या" असे प्रश्न येतात. तिथं पर्याय नसतात. उत्तर एका ओळीचं आणि त्याची कारणं अर्ध्या पानाची, असा हा मामला आहे.

एक उदाहरण घ्या. (क्ष चा वर्ग − ९) भागिले (क्ष − ३). क्ष जेव्हा ३ च्या जवळ जातो तेव्हा याची सीमा किती? बरेच जण थेट ३ टाकतात, शून्य भागिले शून्य येतं आणि उत्तर "शून्य" किंवा "अनंत" असं लिहून मोकळे होतात. दोन्ही चूक. आता कागदावर करून बघा. क्ष = २.९ घेतलं तर ५.९ येतं, २.९९ घेतलं तर ५.९९, आणि ३.०१ घेतलं तर ६.०१. म्हणजे किंमत ६ कडे चालली आहे. का? अंशाचे अवयव (क्ष − ३) आणि (क्ष + ३). क्ष ३ च्या जवळ आहे, पण ३ नाही, म्हणून (क्ष − ३) शून्य नाही, म्हणून तो वरखाली काढून टाकता येतो. उरतं क्ष + ३. ते "म्हणून" लिहिणं हेच कॉलेजचं गणित.

दुसरी अडचण जुनी आहे. सीमा आणि विकलज शिकताना मुलं अडतात ती बहुतेक वेळा शाळेतल्या बीजगणितात. ९ + १६ चं वर्गमूळ ३ + ४ म्हणजे ७, असं लिहिणारे आजही भेटतात. २५ चं वर्गमूळ ५ असतं, हे त्यांना माहीत असतं. पण अक्षरं आली की विसर पडतो. तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत दहावीचं पुस्तक पुन्हा काढा. त्यात लाज कसली?

तिसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत अंश, छेद, वर्गसमीकरण. कॉलेजात एकदम न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, क्वाड्रॅटिक. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. महिन्याभरात भीती जाते.

आता नियमांकडे येऊ, कारण सगळा भार मुलांवर टाकणं बरोबर नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एका श्रेयांकाला तासिकेचे १५ तास धरतात. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे फक्त ३० तास. साधारणपणे ७५ टक्के हजेरीची अट असते; म्हणजे २३ तास हजर राहिलं की भागलं, ७ तास बुडाले तरी चालतं. कागदावर चालतं, गणितात नाही. पाचव्या तासाचं निसटलं की सहावा तास डोक्यावरून जातो.

आणि तास बुडतात कधी? बस चुकली तेव्हा, आणि ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीन काढणीला आलं तेव्हा. घरचं पीक रानात भिजत असेल तर पोरगं कॉलेजला कसं जाणार? म्हणून माझी प्राध्यापक मित्रांना विनंती आहे. अंतर्गत चाचणी ऐन काढणीच्या दिवसांत ठेवू नका. ठेवावीच लागली तर दुसरी संधी द्या. सत्राच्या शेवटी एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा आठवड्याला दहा मिनिटांची छोटी चाचणी घ्या. आणि पहिले चार तास बीजगणिताच्या उजळणीला द्या. "अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही" ही काळजी मला मान्य आहे. पण पायाच कच्चा असेल तर उरलेले २६ तास फळ्यावर पूर्ण होतील, मुलांच्या वहीत नाही.

सवलत हजेरीत द्या, कामात नको. गृहपाठ ज्याचा त्यानंच सोडवायचा, यात सूट नाही. मोबाईलनं प्रश्नाचा फोटो काढला की सगळ्या पायऱ्या समोर येतात. त्या वहीत उतरवल्या तर अक्षर सुधारेल, गणित नाही. आधी स्वतः वीस मिनिटं झगडा. नाहीच सुटलं तर उत्तर बघा, वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. 'आयएमपी' प्रश्नांच्या यादीवर विसंबून राहू नका. एका तासिकेमागे घरी किमान एक तास द्या, तोही त्याच दिवशी. आणि अडलेली ओळ पेन्सिलनं खूण करून सरांना किंवा मॅडमना दाखवा. "काहीच कळलं नाही" म्हणण्यापेक्षा "ही तिसरी ओळ कुठून आली?" असं विचारा. असा प्रश्न विचारणाऱ्याचा अर्धा अभ्यास झालेलाच असतो.

पालकांनाही एक सांगणं. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले म्हणून लगेच विषय बदलायला लावू नका. वही मागा, उघडून बघा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. पानं भरलेली आहेत का, खाडाखोड आहे का, एवढं दिसतंच की. खाडाखोड असेल तर लेकरू शिकतंय.