विश्लेषण : हवाई हद्द देशाची, मग हवा कोणाची? वातावरणाच्या मालकीचा तिढा का सुटत नाही?

आपल्या भूमीवरील हवाई हद्दीवर प्रत्येक देशाचे पूर्ण सार्वभौमत्व आहे, असे १९४४ चा शिकागो करार सांगतो. मात्र त्या हद्दीतून वाहणारी हवा कोणत्याच देशाची नसते. तिची राखण कोणी करायची, याचे उत्तर कायद्यात अजून अर्धवटच आहे.

‘वारसा’ जाऊन ‘चिंता’ कशी आली?

राष्ट्रीय हद्दींपलीकडचा समुद्रतळ हा ‘मानवजातीचा सामायिक वारसा’ असल्याचे १९८२ च्या सागरी कायदा करारात नमूद आहे. माल्टाने १९८८ मध्ये हवामानासाठी असाच दर्जा मागितला. पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबरमध्ये संमत केलेल्या ठरावात ‘वारसा’ या शब्दाच्या जागी ‘चिंता’ आली. वारसा म्हटला की वाटणी आली, हिशेब आला. चिंतेला हिशेब लागत नाही. १९९२ च्या हवामान करारातही हाच शब्द कायम राहिला आणि तोही वातावरणाला नव्हे, तर हवामान बदलाला उद्देशून. वाटणीचा प्रश्न भारतातून अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच मांडला होता : कर्ब सामावून घेण्याची पृथ्वीची क्षमता दरडोई समान का वाटू नये?

ओझोनबाबत मग जमले कसे?

तेथे घातक रसायनांचे उत्पादक मोजके होते आणि पर्याय हाताशी येत होते. करारात नसलेल्या देशांशी या रसायनांच्या व्यापारावर निर्बंध होते. विकसनशील देशांसाठी १९९० मध्ये निधी ठरला; त्यानंतर, १९९२ मध्ये, भारत मॉन्ट्रियल करारात आला. कोळसा आणि तेलाचे तसे नाही, त्यांवर अर्थव्यवस्थाच उभ्या आहेत.

विधि आयोगाने काय केले?

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधि आयोगाने २०१३ मध्ये ‘वातावरणाचे संरक्षण’ हा विषय हाती घेतला, पण हात बांधूनच. देशांचे दायित्व, ‘प्रदूषण करेल त्याने भरावे’ हे तत्त्व, निधी आणि तंत्रज्ञानाचे हस्तांतरण या विषयांना आयोगाने हात लावायचा नाही, असे आधीच ठरले होते. म्हणजे वादाचे सगळेच बाहेर! २०२१ मध्ये १२ मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, पण ती बंधनकारक नाहीत.

न्यायालयाच्या मताने काय बदलले?

वानुआतूच्या पुढाकाराने आमसभेने मागितलेले मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी दिले. हवामान प्रणालीची लक्षणीय हानी रोखणे हे रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यानुसारही कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे करारातून बाहेर पडणारा देशही त्यातून सुटत नाही. अमेरिकेने पॅरिस करार सोडण्याचा निर्णय त्याच वर्षी जानेवारीत घेतला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. कर्तव्यभंग झाल्यास भरपाईचा मार्गही न्यायालयाने खुला ठेवला. मात्र हे मत सल्लावजा आहे. शिवाय भरपाई मागणाऱ्याला आपले नुकसान आणि दुसऱ्या देशाचे उत्सर्जन यांतील दुवा प्रत्येक प्रकरणात सिद्ध करावा लागेल.