शरद ऋतूतील मुक्या जिवांची आबाळ

शरद ऋतूस जुन्या वैद्यांनी आपली माताच मानले आहे. पावसाळी गारव्यास सरावलेल्या शरीरावर आश्विनातील कडक ऊन पडते, पित्त उसळते आणि वैद्यांचे घर चालते, असा त्या म्हणण्यातील विनोद. तो पशुवैद्यांच्या बाबतीतही तितकाच खरा आहे, हे ज्यांच्या घरी कुत्रे अथवा मांजर आहे त्यांच्याही ध्यानी क्वचितच येते. उन्हाळा जनावरास बाधतो, थंडी बाधते, हे आपण जाणतो. परंतु आकाश निरभ्र आहे, घरात फराळाचा वास दरवळतो आहे, अशा दिवसांत त्याच्या वाट्यास वर्षातील सर्वांत कठीण काळ येत असेल, ही कल्पना आपल्या मनास शिवत नाही.

पहिला शत्रू गोचीड. पाऊस ओसरताना दमटपणा आणि उष्मा एकत्र येतात व गोचिडांची पैदास जोरात होते. रक्त पिऊन टंब झालेली मादी कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. ती खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे हजारोंनी अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्यास औषध लावून भागत नाही. भेगा बुजवाव्या लागतात, त्याचे अंथरूण उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकावे लागते. गोचिडांपासून येणाऱ्या तापात जंतू थेट रक्तात शिरतात. जनावर खाणे टाकते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. पुष्कळ घरांतून ‘उन्हाने मलूल झाला असेल’ एवढ्या समजुतीवर चार दिवस निघून जातात, आणि उपचारास खरे मोलाचे असतात ते हेच चार दिवस. अंगास रॉकेल चोळण्याचा उपाय तर सर्वस्वी टाकून द्यावा. कुत्र्यासाठी आणलेले औषध मांजरास लावू नये, कारण त्यांतील काही औषधे मांजरास विषासमान असतात. माणसांच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

दुसरे संकट आपण स्वतःच्या हाताने पेटवितो. आपली दिवाळी आश्विन वद्य द्वादशीस, वसुबारसेला सुरू होते. त्या दिवशी गाईवासराची पूजा होते. अनेक घरांतून गहू आणि गाईचे दूध वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाल्ली जाते. इतक्या कृतज्ञ भावनेने आरंभ होणाऱ्या या सणात, दोनच दिवसांनी, नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच अंगणात सुतळी बॉम्बची वात पेटते आणि घरातील कुत्रे पलंगाखाली थरथरत बसते. माणसाच्या कानास सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. कुत्र्यास चाळीस हजारांवरचा आणि मांजरास त्याहूनही वरचा. आपणांस जो क्षणभराचा दणका वाटतो, तो त्यास कोठून आला, पुन्हा केव्हा येणार, हे काहीच उमगत नाही. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांस १९९९ पासून मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीस रात्री आठ ते दहा एवढीच वेळ नेमून दिली. त्या वेळेचा मान किती राखला गेला, हे वाचकांनी आपापल्या खिडकीतून पाहिलेच आहे.

तेव्हा उपाय घरातच करावयास हवेत. फिरावयास नेणे ते दिवस मावळण्यापूर्वी उरकावे. आतल्या खोलीची दारे-खिडक्या लावून, पडदे ओढून, रेडिओ चालू ठेवावा. जनावर पलंगाखाली शिरले तर ओढून काढू नये, रागावू तर मुळीच नये. कोणीतरी जवळ बसावे. घाबरून पळालेले कुत्रे दूरवर जाते आणि त्यास परतीची वाट सापडत नाही. म्हणून गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा. आणि पाहुण्यांनी प्रेमाने पुढे केलेला फराळ त्यास देऊ नये. बेदाणे, चॉकलेट व कांदा हे पदार्थ कुत्र्यास अपायकारक आहेत.

परंतु फटाके चार दिवसांत विझतात. याहून दीर्घ यातना सुटीच्या असतात, आणि त्यांविषयी बोलताना आम्हां नोकरदार मध्यमवर्गीयांस थोडी मान खाली घालावी लागेल. कुटुंब गावी निघते, कुत्रे गॅलरीत साखळीस राहते आणि शेजाऱ्यांस ‘जमेल तशी पोळी टाका’ एवढे सांगून दारास कुलूप लागते. आश्विनातील दुपारचे ऊन पश्चिमेच्या गॅलरीत कसे उतरते, हे तेथे कपडे वाळत घालणाऱ्यांनाच विचारावे. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते शरीराची उष्णता बाहेर टाकते, आणि त्यासाठी सावली व पाणी लागते. जनावरास पुरेसे अन्नपाणी वा आसरा न देणे, गैरवाजवी वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणे, सोडून देणे, हे सारे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे ठरविले. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. आज तेवढ्यात चकलीचे धड पाकीटही येणार नाही.

आणखी एक गोष्ट या ऋतूशी जखडलेली आहे. आपल्याकडील गावठी कुत्र्यांचा समागमकाळ मुख्यतः भाद्रपदाच्या सुमारास येतो. गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे कार्तिकाच्या आसपास गल्लोगल्ली पिले दिसू लागतात, आणि मुलांना तर सुटीच असते. मुले पिलू उचलून घरी आणतात. आई प्रथम नको म्हणते, मग बशीभर दूध देते. त्याचे नाव ठेवले जाते, त्याची छायाचित्रे नातेवाइकांना जातात. सुटी संपते, शाळा उघडते, पिलू रात्री रडते, जमिनीवर घाण करते. आणि एके संध्याकाळी वडील ते खोक्यात घालून दूरच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर ठेवून येतात. आईपासून अकाली तोडलेले, एकही लस न टोचलेले ते पिलू जगले तर मोठे होऊन रस्त्यावरचे कुत्रे होते, आणि मग त्याच वडिलांची ‘भटक्या कुत्र्यांचा उपद्रव’ ही तक्रार नगरपालिकेकडे जाते. मुलाने पिलू आणले त्याच दिवशी त्यास आईजवळ परत ठेवून, खरोखर पाळावयाचे असल्यास ते आठ आठवड्यांचे होईपर्यंत थांबू, असे मुलास सांगता आले असते. तोवर सुटी संपलेली असती, आणि शाळेच्या धबडग्यातही पिलू हवे आहे की नाही, हे त्या घरास कळून चुकले असते.