बिजाचा पेला आणि वैद्याची नोंदवही

चिमूरला श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरते, तेव्हा पंचक्रोशीतील गावेच्या गावे लोटतात. त्या गर्दीत तांबूस-पिवळ्या लाकडाचे पेले मांडून बसलेला एखादा विक्रेता अलीकडे हमखास दिसतो. पेला बिजाच्या लाकडाचा. रात्री त्यात पाणी भरून ठेवावे, सकाळी अनशापोटी प्यावे, साखर आटोक्यात येते, असे तो सांगतो. सोबत 'संशोधनाने सिद्ध' असे छापलेला कागदही देतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक पेला पिशवीत घालून एक शेतकरी गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. चार महिने त्यांनी नित्यनेमाने बिजाचे पाणी घेतले होते आणि त्याच भरवशावर पूर्वीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला धानाच्या बांधीत काहीतरी लागल्याचे निमित्त झाले होते. जखम काळवंडली होती. उपाशीपोटीची रक्तशर्करा २९० च्या वर होती. आम्ही त्यांना त्याच दिवशी नागपूरला पाठविले. पाय वाचला, दोन बोटे गेली. परत आल्यावर ते आम्हांस शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बिजा साखरेले चांगला हाये म्हून तुमीच तर सांगतलं होतं."

ते खरे होते. त्याच्या आदल्या वर्षी गावातील एका आरोग्य शिबिरात आम्ही प्रमेहावर व्याख्यान दिले होते आणि आपल्या वनातील औषधींचा गौरव करताना बिजाचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले होते. चालू औषध बंद करू नका, हे एक वाक्य त्या दिवशी आमच्या तोंडून निघाले नव्हते. प्रस्तुत लेख त्या न उच्चारलेल्या वाक्याचे प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहोत.

बिजा, अर्थात बीजक, असन किंवा विजयसार, प्रमेहावर उपयुक्त आहे, हे आपल्या शास्त्रात निःसंदिग्धपणे आले आहे. सुश्रुताच्या सालसारादि गणात असन आहे व त्या गणाच्या फलश्रुतीत मेहनाश सांगितला आहे. वाग्भटाने असनादि गण प्रमेह, कुष्ठ, पांडु व मेदोदोष यांवर सांगितला आहे. तथापि सुज्ञ वैद्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, ही द्रव्ये गणात आली आहेत, म्हणजे दोष, दूष्य, बल, काल पाहून योजावयाची आहेत. दुसरी, येथे 'सार' अभिप्रेत आहे, म्हणजे पक्व वृक्षाच्या खोडाचा गाभा. त्याचा विधिवत क्वाथ आणि रात्रभर पेल्यात राहिलेले पाणी यांची मात्रा एक नव्हे. पेल्यातून किती द्रव्य उतरेल, हे लाकडाचे वय, पाण्याची उष्णता आणि पेला किती दिवसांचा आहे यांवर अवलंबून राहते. महिनाभराने पाण्याला रंगच येईनासा होतो, तरी रोगी श्रद्धेने ते पीत असतो.

आता त्या कागदावरील 'संशोधन' पाहू. आपल्यापैकी बहुतेकांनी ते मुळातून वाचलेले नसते, हे आम्ही स्वतःपासून आरंभ करून मान्य करतो.

१९८१ मध्ये वाराणसीच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले की, बिजाच्या सालीतील एपिकॅटेचिन हे द्रव्य दिल्याने उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी पुन्हा निर्माण होतात. जगभर खळबळ उडाली. पुढील काही वर्षांत इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांना तसा परिणाम मिळाला नाही. पहिली बातमी आजही आपल्या माहितीपत्रकांतून छापली जाते, दुसरी छापली जात नाही. शिवाय ती साल होती, शास्त्रोक्त सार नव्हे, याकडेही कोणाचे लक्ष जात नाही.

१९९७ मध्ये बिजाच्या गाभ्यातून वेगळ्या केलेल्या मार्सुप्सिन व टेरोस्टिल्बीन या दोन द्रव्यांनी मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरल्याचे प्रसिद्ध झाले. टेरोस्टिल्बीन आज परदेशात पूरक आहार म्हणून गोळ्यांच्या रूपाने विकले जाते. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ८० व्यक्तींवरील चाचणीत शुद्ध टेरोस्टिल्बीनने अधिक मात्रेत रक्तदाब काहीसा उतरला, तर अपायकारक समजले जाणारे एल्‌डीएल कोलेस्टेरॉल वाढले. वनस्पतीतून एक घटक सुटा काढला की तो त्या वनस्पतीचे गुण तंतोतंत दाखवील असे नाही, हे आपण नेहमी म्हणतो, आणि येथे त्यास आधार मिळतो. पण याचा दुसरा अर्थही प्रामाणिकपणे घ्यावयास हवा. तोच घटक आपल्या क्वाथातही अल्प प्रमाणात असू शकतो. म्हणून 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असे म्हणण्याचा अधिकार आपल्यालाही पोहोचत नाही.

सर्वांत महत्त्वाची ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची चाचणी. चार केंद्रांतील ९७ रोग्यांना विजयसार देण्यात आले. बारा आठवड्यांत ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची, रक्तशर्करा नियंत्रणात आली. त्यांपैकी बहुतेकांना दिवसाला २ ग्रॅम मात्रा पुरली, काहींना ३ किंवा ४ ग्रॅम लागली. विशेष दुष्परिणाम आढळले नाहीत. पेलेवाल्याच्या कागदावर असतो तो हाच ६९ चा आकडा. आता जे कागदावर नसते ते पाहा. हे रोगी नव्याने निदान झालेले किंवा तोपर्यंत औषध न घेतलेले होते. त्यांची उपाशीपोटीची शर्करा सरासरी १५१ होती, ती ३२ ने उतरली. ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन ९.८ वरून ९.४ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे २००५ मध्ये टोल्बुटामाइड या गोळीशी तुलना करणारी, रोगी व चिकित्सक दोघांपासूनही औषध गुप्त ठेवणारी चाचणी प्रसिद्ध झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

या आकड्यांचा अर्थ काय? बिजात गुण आहे. सौम्य, नूतन प्रमेहात, ठरीव मात्रेत, देखरेखीखाली तो उपयोगी पडतो. पण दहा वर्षांचा जुना रोगी, इन्शुलिनवर असलेला रोगी, पायाला बधिरपणा आलेला रोगी यांनी गोळ्या बंद करून बिजा घ्यावा, असे या चाचणीत कोठेही नाही. आमच्याकडे आलेले ते गृहस्थ त्या ९७ जणांच्या यादीत बसलेच नसते.

येथे एका विरोधाभासाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या गृहस्थांनी जी गोळी 'केमिकल' म्हणून टाकून दिली, ती मेटफॉर्मिन होती. तिचा उगम एका वनस्पतीत आहे. युरोपात 'गलेगा' नावाची निळसर-जांभळ्या फुलांची एक शेंगवर्गीय वनस्पती जुन्या काळापासून औषधात होती. तिच्यातील ग्वानिडीन वर्गाच्या द्रव्याने रक्तशर्करा उतरते, पण ते विषारी. मेंढ्यांनी ती वनस्पती खाल्ली तर मरतात. त्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, १९५७ मध्ये फ्रान्समधील ज्यां स्टर्न यांनी ते मधुमेही रोग्यांवर वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेत त्यास मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडले. म्हणजे वनस्पतीपासून विश्वासार्ह गोळीपर्यंतची वाट सत्तर वर्षांची ठरली. त्या वाटेवर पदोपदी कोणीतरी मोजमाप घेत होते, नोंद ठेवीत होते. आपल्याकडे वृक्ष आहे, ग्रंथ आहेत, रोगी आहेत. उणीव नोंदीची आहे.

आणि नोंदीचा आरंभ द्रव्याच्या ओळखीपासून व्हावयास हवा. आमचाच अनुभव सांगतो. एकदा एका व्यापाऱ्याकडून 'असन सार' या नावाने भुकटी मागविली. दोन महिने वापरली, गुण येईना. शेवटी लाकडाचे तुकडे मागविले, तेव्हा ते ऐनाचे निघाले. हिंदी मुलखात ऐनालाच 'आसन' म्हणतात, त्यामुळे कोणी फसवणूक केली असेही म्हणवत नाही. चूक आमची, कारण आम्ही भुकटी स्वीकारली. तेव्हापासून आम्ही फक्त लाकूड घेतो. बिजाच्या गाभ्याच्या ढलप्या काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात भिजवून उन्हात धराव्यात. पाणी सोनेरी-तपकिरी होते व त्यावर निळसर झाक चमकते. ऐनाला ती झाक नाही. ही घरगुती परीक्षा अंतिम नव्हे, कारण बिजाच्या जातभाईंतही अशी झाक आढळते. फार्मसीवाल्या बंधूंनी सूक्ष्मदर्शक व टीएलसी तपासणी करावीच. पण खेड्यातील वैद्याला दारात आलेले चुकीचे द्रव्य ओळखण्यास ती पुरेशी आहे.

फार्मसी मालकांस आणखी एक विनंती. सार हवा म्हणजे पक्व वृक्ष हवा, आणि बिजा पक्व होण्यास कित्येक दशके लागतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत सागाच्या सोबतीने तो उभा असतो. त्याची पंख असलेली चकतीसारखी फळे पुष्कळ पडतात, पण रुजतात थोडी. १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याविषयीच्या अधिनियमाच्या अनुसूचीत बिजाचे नाव आहे. परवानगीवाचून तो खासगी शेतातही तोडता येत नाही. तेव्हा माल घेताना वाहतूक परवाना मागा. औषधासाठी नवीन वृक्ष पाडण्याचे कारणही नाही. लिलावात गेलेले इमारती लाकूड आरागिरणीवर चिरताना गाभ्याच्या ढलप्या व तुकडे उरतात. बिजाचे तुकडे वेगळे ठेवण्याचा करार गिरणीशी केला तर वैध व ओळखीचा माल स्वस्तात मिळतो. आणि वेष्टनावर वा जाहिरातीत 'मधुमेह बरा करतो' असे लिहू नका. १९५४ च्या औषधी व जादुई उपचार अधिनियमाने त्यास मनाई आहे, आणि त्या मनाईमागे आमच्या रोग्याच्या दोन बोटांसारखीच कारणे आहेत.

वैद्यबंधूंस आमचे सांगणे थोडके आहे. बिजा जरूर वापरा, आम्हीही वापरतो. परंतु पहिल्या दिवशी रोग्याची उपाशीपोटीची व जेवणोत्तर शर्करा, ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन, वजन, रक्तदाब, पायाची संवेदना आणि चालू असलेली प्रत्येक गोळी लिहून ठेवा. द्रव्य कोठून आले, कोणत्या रूपात व किती दिले, ते लिहा. चालू औषध स्वतःहून थांबवू नका व रोग्यास थांबवू देऊ नका. शर्करा उतरू लागली तर मूळ गोळ्या देणाऱ्या चिकित्सकास पत्र लिहून मात्रा कमी करण्याविषयी विचारा, कारण दोन्हींचा एकत्रित परिणाम होऊन शर्करा अतिरिक्त उतरण्याचाही धोका आहेच. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. गुण आला नाही तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहा.

एका वैद्याच्या वहीतील वीस रोगी हे संशोधन नव्हे, हे आम्ही जाणतो. पण जिल्ह्यातील पंचवीस वैद्यांनी एकाच पद्धतीने, एकाच ओळख पटलेल्या द्रव्याची वर्षभर नोंद ठेवली, तर एखाद्या महाविद्यालयाच्या द्रव्यगुण किंवा कायचिकित्सा विभागापुढे ठेवण्याजोगे काहीतरी हाती येईल. मग आपल्या वृक्षाविषयी काय सिद्ध झाले, हे यात्रेतील कागदावरून वाचण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.

ते गृहस्थ आजही दर महिन्यास येतात. मेटफॉर्मिन चालू आहे, सोबत आम्ही बिजाचा क्वाथ देतो, पथ्य ते काटेकोर पाळतात. तो पेला त्यांनी आमच्याकडेच ठेवला आहे. व्याख्यानाला निघताना आम्ही तो सोबत नेतो आणि बिजाविषयी बोलण्यापूर्वी टेबलावर ठेवतो. त्याकडे पाहिले की जे वाक्य त्या वर्षी राहून गेले, ते आता पहिले येते.